अण्णा, ती पट्टी मी लावली होती

अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं मोठं काम आम्ही गेल्या गुरुवारी केलं. ऊसतोडणी यंत्राच्या केबिनचं छत. तेच, ज्याच्यावरून तुमचं-माझं सगळ्यात जास्त वाजायचं. ऊन चढायच्या आत व्हावं म्हणून सकाळी सहालाच टेबल लावलं. साच्यात रेझिन सोडणाऱ्या नळीवरचा चिमटा धरायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी कापड कापणाऱ्या सुनंदाताईंनी तो माझ्यापुढं केला. म्हणाल्या, "धरा की साहेब. बघत काय उभारलाव?"

छत नीट भरलं. पस्तीस मिनिटं लागली. तुम्ही असता तर म्हणाला असता की एवढी लागायचीच.

तुमच्या भागातल्या वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहून द्या, असा मला निरोप आला. तुम्ही किती माग चालवले, कोणकोणत्या कारखान्यांत होता, हे तिथल्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला फक्त टेबलाभोवतीचं लिहिता येईल. त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. म्हणून ती आधीच सांगतो. तीन वर्षांपूर्वी जे छत वाया गेलं, ज्याचा तुकडा तुमच्या नावाखाली आमच्या शेडमधल्या भिंतीवर टांगला गेला, ती चूक तुमची नव्हती. माझी होती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं आलात तेव्हा तुम्ही कामाला होता तो टॉवेलचा कारखाना नुकताच बंद पडला होता. मी तेव्हा पस्तिशीचा, करकंबहून डिप्लोमा करायला सोलापुरात आलेला आणि इथंच राहिलेला. काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन, म्हणजे गोठून कडक होणारा चिकट द्रव, यांपासून वस्तू बनवायच्या, एवढीच आमच्या शेडची ओळख. मी तुम्हाला विचारलं, फायबरचं काम केलंय का? तुम्ही नाही म्हणालात. मग काय येतं, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. तुम्ही टेबलावर पडलेल्या काचेच्या कापडाचा कोपरा उचललात, अंगठ्यानं चोळलात आणि म्हणालात, "ह्याचा बाणा ढिला हाय."

बाणा म्हणजे आडवे धागे. मला राग आला. कापड नवंकोरं होतं, पुण्याहून आलेलं. पण त्या गठ्ठ्यानं आम्हाला पुढं आठवडाभर छळलं. रेझिन एका दिशेनं धावायचं आणि दुसऱ्या दिशेनं चालायला तयार नसायचं. ज्या दिशेचे धागे सैल, तिकडं वाट मोकळी. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तुम्ही ते बोटांनी वाचलंत. आठव्या दिवशी मी मालकांना म्हणालो, त्या म्हाताऱ्याला बोलवा. तुम्ही तेव्हा म्हातारे नव्हता, पण मला तसे वाटला होता.

जे हे काम जाणत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, तुम्हाला राग येणार नाही. साच्यात काचेच्या कापडाचे कोरडे थर अंथरायचे. त्यावर प्लॅस्टिकची विरळ जाळी ठेवायची, म्हणजे रेझिनला पसरायला वाट मिळते. मग सगळ्यावर पारदर्शक कागद टाकून कडा हवाबंद करायच्या. एका बाजूनं पंप आतली हवा ओढतो, दुसरीकडून नळीतून रेझिन आत शिरतं. कापड बसल्या जागी भिजत जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. ते गोठायच्या आत प्रत्येक धागा भिजला पाहिजे. कुठं फार लवकर गेलं तरी घात, कुठं उशिरा पोचलं तरी घात. आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ते घड्याळ दुप्पट पळतं.

तुम्हाला हे सगळं मी शिकवलं, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे तुम्हाला ते आधीच येत होतं. तरुणपणी तुम्ही रंगखान्यात होता. एकदा एका भागाचा मधला पट्टा सारखा कोरडा राहायला लागला आणि मी हार्डनरला, पंपाला, हवेला दोष देत सुटलो होतो. तेव्हा तुम्ही मला रंगखान्यातली गोष्ट सांगितलीत. सुताची लडी घट्ट बांधून रंगात बुडवली, तर बाहेर काढल्यावर वरून झकास लाल दिसते. मुकादम खूश होतो. मागावर गेल्यावर गाठ सुटते आणि आत पांढरं सूत निघतं. मग मुकादम रंगाऱ्याच्या नावानं शिव्या घालतो आणि रंगारी बांधणाऱ्याच्या. तुम्ही म्हणालात, रंगाला घाई करायची नाही, त्याला आत शिरायला सवड द्यायची. मी दुसऱ्या दिवशी जाळी अर्ध्यावर कापली आणि तो पट्टा भिजला.

तेव्हापासून टेबल तुमचं झालं. कामगार तसंच म्हणायचे, अण्णांचं टेबल. काचेची कुसं टोचू नयेत म्हणून तुम्ही हातांना कोपरापर्यंत पावडर लावायचा. त्यामुळं रेझिनच्या त्या उग्र वासातही तुम्ही जवळ आलात की लहान बाळाच्या अंगासारखा वास यायचा. सुनंदाताई त्यावरून तुमची चेष्टा करायच्या, आणि तुम्ही गंभीरपणे त्यांनाही डबा पुढं करायचा.

आणि ती निळी रेघ. रेझिन आत शिरलं की दर पाच मिनिटांनी तुम्ही कागदावरून, जिथवर ओल आली असेल तिथवर, मार्करनं रेघ ओढायचा. काम संपेपर्यंत कागदावर रेघांच्या आत रेघा, जशा खोडात असतात. त्या बघून तुम्ही सांगायचा, इथं दमलं, इथं पळालं. मी तोवर संगणकावर तेच काढायला शिकलो होतो. साच्याचा आकार भरायचा, कापडाचे आकडे द्यायचे, की रेझिन कुठं किती वेळात पोचेल ते रंगांत दिसायचं. मी तुम्हाला मोठ्या कौतुकानं पडद्यापुढं बसवलं. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "ह्यात आपलं ऊन हाय का?"

नव्हतं. मी पंचवीस अंशांवर गणित केलं होतं, शेडमध्ये एकेचाळीस होतं.

पण मी तुम्हाला प्रत्येक वेळी बरोबर ठरवणार नाही अण्णा, तुम्हालाही ते आवडलं नसतं. ती लांबट पायदानं आठवा. नऊ फूट लांब, जेमतेम फूटभर रुंद. तुमचा हट्ट, रेझिन मधोमध सोडायचं, ते आपलं चारी बाजूंना जाईल. मी म्हणत होतो, लांब कडेनं नळी टाका, त्याला फूटभरच चालायचं आहे. दोन पायदानं तुमच्या पद्धतीनं केली, दोन्हींची टोकं कोरडी राहिली. तिसरं माझ्या पद्धतीनं केलं. बारा मिनिटांत भरलं. तुम्ही मार्करचं टोपण लावलंत आणि चौथ्या पायदानाची नळी माझ्याआधी जाऊन स्वतःच लांब कडेला टाकलीत. त्या एका गोष्टीवर मी महिनाभर खुशीत होतो.

छताच्या बाबतीत मात्र तुमचा नियम पक्का होता. जाळी कधीच कडेपर्यंत न्यायची नाही. कडेच्या आत चार बोटं मोकळी सोडायची. जाळी वर असते, त्यामुळं रेझिन वरून पुढं पळतं आणि खालचे थर मागं राहतात. जाळी संपली की शेवटची चार बोटं त्याला नुसत्या कापडातून जावं लागतं. तिथं ते अडतं, रेंगाळतं, आणि तेवढ्यात खालचे थर त्याला गाठतात. तुम्ही प्रत्येक बाजूला हात आडवा ठेवून मोजायचा. टेप जवळ असला तरी हातानंच.

आणि त्या दिवशी मी तुमची चार बोटं बुजवली.

एप्रिल होता. मालकांनी पुण्याच्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता, संध्याकाळी छत गाडीत चढलं पाहिजे. सकाळी लाइट नव्हती, पंप सुरू झाला नाही, काम दुपारवर गेलं. तुम्ही म्हणालात, आज नको, उद्या पहाटे करू. मालक म्हणाले, आजच. तुम्ही मग हार्डनर कमी करा म्हणालात आणि रेझिनचा डबा ओल्या गोणपाटात ठेवलात. कापड अंथरून, जाळी ठेवून, चारी बाजूंनी हातानं मोजून तुम्ही जेवायला गेलात. मी तिथंच राहिलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, हे कडेपर्यंत पोचायच्या आत गोठणार. मी सुनंदाताईंच्या रोलमधून जाळीची एक लांब पट्टी कापली, पंपाच्या बाजूच्या तुमच्या मोकळ्या जागेत ठेवली, वर कागद टाकला आणि कड बंद केली.

तुम्ही परत आलात तेव्हा पंप चालू होता. कागद पारदर्शक असतो. तुम्हाला पट्टी लगेच दिसली. ही कुणी लावली, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, मी, ऊन बघा. तुम्ही उन्हाकडं बघितलं नाहीत, माझ्याकडं बघितलंत, आणि नळीवरचा चिमटा सोडलात. मालक मागं पंपाजवळ उभे होते, त्या आवाजात त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांच्यापुढं मला कमीपणा नको म्हणून तुम्ही माझी पट्टी काढायला लावली नाहीत, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

एकोणीस मिनिटांत रेझिन कडेला आलं. मी घड्याळ दाखवलं. तुम्ही म्हणालात, "लई लौकर आलं."

दोन आठवड्यांनी छत परत आलं. वरून चकचकीत, पण कडेजवळ नाण्यानं ठोकलं की आवाज बद्द. मालकांनी तिथला तुकडा कापून काढला. वरचा थर भिजलेला, खाली दीड हाताच्या पट्ट्यात काचेचं कापड कोरडं, पांढरं, बोट लावलं की सुटं होणारं. तुमच्या त्या लडीसारखंच.

मालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि विचारलं, जाळी कुणी टाकली होती? कामाच्या कागदावर तुमचं नाव होतं. मी तुमच्यापासून तीन हातांवर उभा होतो. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. त्याच महिन्यात मला दुसऱ्या शेडची जबाबदारी द्यायचं चाललं होतं, हे मी लपवणार नाही. मी बोललो नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी खाली बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "टेबल माझं हुतं."

मी आजवर त्या वाक्याचा विचार करत आलोय. त्यात खोटं काही नव्हतं. टेबल तुमचंच होतं. तुम्ही खोटं न बोलता माझी चूक अंगावर घेतलीत आणि मी एक शब्दही न बोलता खोटा ठरलो.

आमच्या शेडची रीत सगळ्यांना माहीत आहे. वाया गेलेल्या प्रत्येक कामाचा तुकडा कापून भिंतीवर टांगायचा, खाली पत्र्याच्या पाटीवर करणाऱ्याचं नाव आणि काय चुकलं ते रंगवायचं. शिक्षा म्हणून नाही, पुढच्यानं बघून शिकावं म्हणून. तोवर त्या भिंतीवर माझे चार तुकडे होते, सुनंदाताईंचे दोन, मालकांचा स्वतःचाही एक. तुमचा एकही नव्हता. तुमचा पहिला तुकडा मालकांनी मधोमध लावला. पाटी त्यांनीच रंगवली, लाल रंगात, मोठ्या अक्षरांत: अंबादास. कडेला मोकळी जागा सोडली नाही.

मग तुम्ही ते केलंत, जे मी सहन करू शकलो नाही. नवा माणूस कामावर लागला की तुम्ही त्याला पहिल्या दिवशी त्या भिंतीपुढं न्यायचा. बाकीचे तुकडे सोडून थेट स्वतःच्या नावापुढं उभे राहायचा. हे बघा, वरून ओलं, आत कोरडं, चार बोटं सोडली नाहीत की असं होतं, असं सांगायचा. आवाजात ना कडवटपणा, ना टोमणा. त्या तुकड्यात शिकण्यासारखं होतं, म्हणून तुम्ही तो वापरला. मी दुसऱ्या शेडमधून मुद्दाम त्या वेळी यायचं टाळायचो. तरी तीन वर्षांत चार-पाच वेळा सापडलोच. एकदा एका नव्या मुलीनं विचारलं, अण्णा, तुमच्यासारख्याकडून कसं काय झालं? तुम्ही म्हणालात, घाई झाली. ते तुम्ही माझं उत्तर दिलं होतं.

मी एकदा प्रयत्न केला, तुम्हाला आठवत असेल. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, वर्षभरानं. मी सुरुवात केली, अण्णा, त्या छताचं मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही बशीत चहा ओतत होता.

"मला का सांगलालाव?" तुम्ही म्हणालात. "मी हुतो की तितं."

मी म्हणालो, तरीपण.

"सांगायचं तर टेबलावर सांगा. सगळे उभारलेले असताना. मला सांगून तुमी मोकळं व्हनार, अन् पाटी हाय तितंच ऱ्हानार."

तुम्ही बशी संपवलीत, माझ्याकडं बघितलंत आणि हसलात. "तुमचंबी त्या छतागत झालंय साहेब. वरून वल्लं, आत कोरडं." टपरीवाला पण हसला, त्याला काही कळलं नसताना. मीही हसलो. मला वाटलं, तुम्ही चेष्टेवारी नेलंत म्हणजे मिटलं. मिटलं नव्हतं. तुम्ही मला करायचं काम नेमकं सांगितलं होतं, जागेसकट, आणि मी दोन वर्षं ते पुढं ढकललं. आज उद्यावर, उद्या दिवाळीनंतर. तुम्ही रोज समोर होता, त्यामुळं वेळ आहे असं वाटत राहिलं.

मग त्या सकाळी तुम्ही कामावर आला नाहीत, आणि दहा वाजता फोन आला.

मी तुमच्यासाठी रडलो अण्णा, पण ते रडणं शुद्ध नव्हतं. त्यात माझ्या सुटकेचाही एक थेंब होता. आता कुणालाच कळणार नाही, असा विचार मनात आला. एकदाच आला, पण आला. तो विचार मी ओळखला, आणि त्याच दिवशी ठरवलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना तुमच्या टेबलाभोवती बोलावलं. मालकांनाही. भाषण नाही केलं. पट्टी मी कापली, मी ठेवली, अण्णा जेवायला गेले होते, आणि त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, एवढं सांगितलं. इतकी वर्षं मी ज्या वाक्यांना घाबरलो, ती बोलायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग सुनंदाताई म्हणाल्या, "जाळीचा रोल माझ्याकडं असतोय साहेब. त्या दिवशी पट्टी कमी भरली. मी अण्णास्नी तवाच विचारलं."

काय म्हणाले, मी विचारलं.

"म्हनले, साहेबांचं साहेब बघतील. तू कापड काप."

म्हणजे तीन वर्षं त्या मला रोज नमस्कार करत होत्या आणि त्यांना ठाऊक होतं. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. पण जमिनीत जाऊन पाटी बदलत नाही, हे आता मला कळतं. मालकांनी मला केबिनमध्ये नेलं. झालं ते झालं, माणूस गेला, आपण तो तुकडा हळूच काढून टाकू, म्हणाले. मी नाही म्हणालो. तुकडा चांगला आहे, त्याच्यावर अण्णांनी एवढ्या लोकांना शिकवलं, तो राहील, नाव बदलेल. मालकांपुढं मी इतक्या सरळ नाही म्हणालो अशी ही बहुधा पहिलीच वेळ. ते म्हणाले, तूच रंगव मग.

मी रंगवलं. तुमच्या नावावर पांढरा रंग मारला, वाळल्यावर माझं नाव लिहिलं.

त्यानंतर विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत तुमच्या घरी गेलो. हे मला सगळ्यात अवघड होतं. वहिनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मला बसायला सांगून त्यांचे हात चालूच राहिले. मी सगळं सांगितलं. छत, पट्टी, माझं गप्प बसणं, पाटी. मला वाटलं, त्या मला बोलतील, आणि मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी एक विडी वळून टोक दुमडलं, दुसरी घेतली, आणि मग हात थांबले.

पाटीचं त्यांना शेजारच्या कुणीतरी तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही घरातही तेच एक वाक्य बोलला होता, टेबल माझं होतं. वहिनी मला म्हणाल्या, "मी लई बोलले त्यांना. चाळीस वर्षं सुतात गेली, अन् चार बोटं मोजाया येत न्हाईत व्हय, म्हनले. जेवताना म्हनले. भात कालवत हुते. खाली मान घालून जेवले."

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की माझ्या गप्प बसण्याचं ओझं फक्त शेडमध्ये आहे. ते तुम्ही घरी नेलं होतंत, ताटावर बसून खाल्लं होतंत, आणि ज्या बाईला दोन शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं तिलाही सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत, यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. मीच सांगावं म्हणून तुम्ही संधी ठेवत होता, हे मी समजतो. पण तेवढ्यासाठी वहिनींचे बोल खायची काय गरज होती? माझ्यासारख्यावर एवढा विश्वास टाकणं हीसुद्धा चूकच म्हणायची. या भांडणात मी तुम्हाला सहज सोडणार नाही. पायदानासारखं इथंही तुमचं चुकलं.

वहिनींची मी क्षमा मागितली. त्यांनी दिली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाल्या, ती भिंत मला दाखवा.

शनिवारी त्या आल्या. धाकट्या नातीचा हात धरून. शेडमध्ये पहिल्यांदाच. सुनंदाताईंनी त्यांना तुमचं टेबल दाखवलं, मार्कर दाखवले, पावडरचा डबा दाखवला. वहिनी कशाला हात लावत नव्हत्या. भिंतीपुढं मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या. तुकड्याच्या कोरड्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, तुम्ही कापड बघायचा अगदी तसा. मग पाटी वाचली, एकेक अक्षर लावत.

"हा पांढरा पट्टा त्यांच्या नावाचा?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो.

"अन् मधी हे बारीक, हे तुमचं?"

मी पाटीकडं बघितलं. तोवर मला ते दिसलंच नव्हतं. तुमचं नाव पाटीभर होतं, म्हणून पांढरा रंग पाटीभर लागला होता. त्याच्या मधोमध मी माझं नाव लिहिलं होतं, नीटनेटकं, वळणदार, आणि तुमच्या नावाच्या पावपटसुद्धा नाही. मुद्दाम केलं नव्हतं. ब्रश आपोआप तसा चालला होता. सगळ्यांपुढं कबूल करून आलेल्या माणसाचा हात रंगवताना पुन्हा आखडला होता.

"त्यांचं केवढं काढलं हुतं," वहिनी म्हणाल्या. रागावून नाही. मोजमाप सांगावं तशा.

सुनंदाताई आत गेल्या आणि लाल रंगाचा डबा घेऊन आल्या, सोबत मोठा ब्रश. मी तिथंच, वहिनी आणि सगळे उभे असताना, पाटी पुन्हा पांढरी केली. रंग वाळेपर्यंत सगळे थांबले. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माझं नाव लिहिलं, विलास, आणि खाली काय चुकलं तेही, तितक्याच मोठ्या अक्षरांत: अण्णांनी मोकळी सोडलेली जागा बुजवली. विचारल्यावर बोललो नाही.

आता ते शेडच्या दारातून वाचता येतं, अण्णा.